जुन्या अमेरिकन व्यंगचित्रांचा प्रिंट सेट: घ्या, पण ए-थ्री घेऊ नका

आधी कामाचं सांगते, पाल्हाळ नंतर. हा सेट घ्यायचा असेल तर ए-थ्री साइजमध्ये अजिबात घेऊ नका, त्याच्या दुप्पट मोठा ए-टू घ्या, आणि ते खिशाला जड वाटत असेल तर अख्खा सेट सोडा आणि सुटी तीन-चारच चित्रं ए-टूमध्ये मागवा. कारण ही चित्रं बघायची कमी आणि वाचायची जास्त आहेत. आपल्याला आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनची सवय, तो बिचारा वर्षानुवर्षं तोंड उघडत नाही, खाली एक ओळ असते आणि काम फत्ते. ही दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीची अमेरिकन मंडळी म्हणजे जो तो बोलतोय, तोंडातून फुगे, पाटीवर अक्षरं, हातातल्या कागदावर अक्षरं, खाली कविता. ते वाचता आलं नाही तर भिंतीवर नुसते तंग विजारी घातलेले चिडके पुरुष उरतात.

दुकान ऑनलाइन आहे, नाव घेत नाही कारण पुढे थोडी हजामत पण करणार आहे. दहा प्रिंट, सोबत एक बारकी पुस्तिका, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. ए-थ्रीवाला सेट दापोलीला मैत्रिणीच्या क्लासमध्ये लावलाय तो नीट बघून मग मी ए-टू मागवला, त्यामुळे तुलना ऐकीव नाही.

आमचा आंजर्ल्याला होमस्टे आहे. जून २०२० मध्ये निसर्ग वादळात पडवीची कौलं गेली, मग पडवी नव्याने बांधली तेव्हा एक लांबलचक कोरी भिंत मिळाली आणि त्या भिंतीवर काय लावायचं यावरून घरात बराच काथ्याकूट झाला. किनाऱ्यावरच्या प्रत्येक होमस्टेत तेच, सूर्यास्ताचा फोटो, होडीचा फोटो, वारली. मला ते नको होतं. मला दिवाळी अंकातली व्यंगचित्रं कापून ठेवायचा नाद शाळेपासून आणि इतिहासात एम.ए. केलंय, तर म्हटलं अशी चित्रं लावू की सकाळी घावन खाताना पाहुणा मोबाइल बाजूला ठेवून भिंतीकडे बघेल. तर ते झालंय. चित्रांना पैकीच्या पैकी. आता दुकानाने त्या चित्रांचं काय केलंय ते बघू.

माझ्याकडून पहिला नंबर 'काँग्रेशनल प्युजिलिस्ट्स'ला, म्हणजे संसदेतले मुष्टियोद्धे. साल १७९८, जागा फिलाडेल्फिया, तेव्हा राजधानी तिथे होती. व्हरमाँटचा खासदार मॅथ्यू लायन आणि कनेटिकटचा रॉजर ग्रिसवोल्ड. ग्रिसवोल्डने लायनच्या सैन्यातल्या जुन्या बदनामीवरून लाकडी तलवारीचा, म्हणजे भित्रेपणाचा, टोमणा मारला तर लायन सरळ त्याच्या तोंडावर थुंकला. लायनला काढून टाकायचा ठराव आला पण दोन तृतीयांश मतं काही जमली नाहीत, मग १५ फेब्रुवारीला ग्रिसवोल्ड काठी घेऊनच सभागृहात आला आणि लायनला बडवायला लागला आणि लायनने शेकोटीचा चिमटा उचलला. चित्रात हेच आहे, एका हातात काठी, एका हातात चिमटा, आणि ग्रिसवोल्डची लाथ हवेत. गंमत बाकीच्यांची आहे. सभापती जोनाथन डेटन खुर्चीत बसून बघतायत, कारकून बसून बघतोय, डावीकडे सभागृहाचे पाद्री उभे राहून बघतायत, सोडवायला कोणी येत नाही. ज्याने काढलंय त्याला माणसाचं शरीर काही धड काढता येत नव्हतं, हातपाय कुठूनही फुटलेत, पण त्या बेढबपणामुळेच ते जास्त खरं वाटतं. खाली चार ओळींची कविता आहे, त्याने झटक्यात टाळक्यात तीन ठेवून दिल्या, याने चिमटा घेऊन राग शांत केला, साधारण असं. ए-टूमध्ये कविता कोणीही वाचू शकतं, ए-थ्रीत चष्मा लावूनही चार पावलं पुढे जावं लागतं.

आमच्या वाडीतले एक काका आहेत, ग्रामपंचायतीत बरीच वर्षं काढलेले. ते हे चित्र चहा निवेपर्यंत बघत राहिले आणि म्हणाले, "पण चिमटा सभागृहात ठेवायचाच कशाला?"

पुस्तिकेत मात्र मारामारीवर गोष्ट संपते आणि खरी मजा तर पुढे आहे. त्याच वर्षी सरकारने राजद्रोहाचा कायदा केला, सरकारविरुद्ध वाईटसाईट छापलं की तुरुंग, आणि त्या कायद्याखाली सगळ्यात आधी आत गेलेल्यांत हाच लायन, चार महिने कैद आणि हजार डॉलर दंड. आणि तुरुंगात बसून पठ्ठ्या निवडणूक जिंकला! आता हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला सांगितलं की त्याला टिळक आठवणारच, राजद्रोहाचं कलम आपल्याला काही नवीन नाही. एवढी चांगली जोड हाताशी असताना मराठी पुस्तिका लिहिणाऱ्याने ती सोडून दिली याचं मला खरंच वाईट वाटलं.

दुसरा नंबर कासव. हे चित्र आमच्या पडवीचं स्टार आहे आणि त्याचं कारण उघड आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे येणारे निम्मे पाहुणे कासवांसाठीच येतात, इथे नाहीतर वेळासला, पहाटे उठून पिल्लं समुद्रात सोडताना बघायची आणि मग येऊन नाश्त्याला बसायचं. आणि समोर भिंतीवर काय तर एक दांडगं कासव एका माणसाच्या ढुंगणाला कडकडून चावलंय. आत्याने फ्रेम टांगताना पहिल्यांदा बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसायलाच लागली. "अगो, हे कासव मेलं कुठे धरून बसलंय ते बघ तरी!" आता नवीन पाहुणे आले की मी किचनमध्ये असले तरी तीच त्यांना त्या चित्रापाशी घेऊन जाते.

चित्र अलेक्झांडर अँडरसनचं, न्यूयॉर्कचा माणूस, शिकला डॉक्टरकी आणि आयुष्य काढलं लाकूड कोरण्यात. मामला असा की इंग्लंड आणि फ्रान्सची लढाई जुंपलेली आणि दोघंही अमेरिकन जहाजांना छळत होते, तर अध्यक्ष जेफरसनने डिसेंबर १८०७ मध्ये कायदाच आणला की अमेरिकन जहाजांनी परदेशी जायचंच नाही. त्याला वाटलं माल मिळाला नाही की हे दोघं वठणीवर येतील. झालं उलटंच, बॉस्टनकडची बंदरं ओस पडली, जहाजं गोदीत कुजली, खलाशी घरी बसले आणि चोरटा व्यापार जोरात सुरू झाला. चित्रात एक व्यापारी पिंप घेऊन इंग्रजांच्या होडीकडे निघालाय आणि कासवाने त्याला मागून धरलंय, ते कासव म्हणजे हा बंदीचा कायदा. तो माणूस ओरडतो "हाय रे, हे मेलं ओग्रॅब्मी!", आणि 'एम्बार्गो' हा शब्द इंग्रजीत उलटा लिहिला की ओग्रॅब्मी होतो, म्हणून कासवाचं नाव तेच. कायदा शेवटी मार्च १८०९ मध्ये जेफरसन पायउतार होता होता मागे घेतला.

आमच्याकडे हर्णैहून मासे घेऊन जो दादा येतो त्याला मी हे सगळं सांगितलं तर त्याला एका मिनिटात समजलं. आपल्याकडे जून-जुलै मासेमारी बंद असते ती माशांच्या विणीसाठी आणि तुफान समुद्रासाठी, जेफरसनच्या राजकारणाशी त्याचा संबंध नाही, पण त्याचं म्हणणं असं की बंदी कसलीही असो, किनाऱ्यावर बसून समोरचं पाणी बघत राहायचं म्हणजे काय ते होडीवाल्यालाच विचारा, आणि चोरून जाणारा एक तरी निघतोच. मग त्याने विचारलं की कासवाने इंग्रजाला का नाही धरलं, आपल्याच माणसाला का. म्हटलं दादा, हाच प्रश्न तेव्हा बॉस्टनवाले विचारत होते.

प्रिंट म्हणाल तर कासव उत्तम आलंय. लाकडावर कोरलेलं असल्यामुळे रेषा जाड आणि ठाम, मोठं केलं तरी बिघडत नाही.

आता गेरीमँडर, म्हणजे पक्षाच्या फायद्यासाठी मतदारसंघाच्या सीमा वेड्यावाकड्या आखणं, त्या शब्दाचं मूळ चित्र. १८१२, 'बॉस्टन गॅझेट', २६ मार्च. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर एल्ब्रिज गेरी याने सही करून मतदारसंघांच्या नव्या सीमांना मंजुरी दिली आणि त्यात एसेक्स काउंटीत एक मतदारसंघ असा काही वेडावाकडा झाला की त्याला नखं, पंख आणि चोच काढली की झाला राक्षस तयार. एल्काना टिस्डेलचं चित्र म्हणतात. यात अगदी थोडं 'चित्र' आहे, बाकी सगळा नकाशा, आणि नकाशावर गावांची नावं, सेलम, मार्बलहेड, अँडोव्हर, आणि मार्बलहेड तर गेरीचं स्वतःचं गाव! ही नावं वाचता आली नाहीत तर तो नुसता ड्रॅगन आहे, लहान मुलांच्या वहीवरचा. पुस्तिकेत म्हटलंय की गेरीने हे स्वतःच्या फायद्यासाठी केलं. पण त्याला स्वतःला तो कायदा फारसा आवडला नव्हता असंच सांगतात, पक्षाचा होता म्हणून सही केली, आणि त्या वर्षी गव्हर्नरची निवडणूक तो हरला. फायदा झाला तो पक्षाला, मतं कमी पडूनही राज्याच्या सिनेटमध्ये ४० पैकी २९ जागा. गेरी पुढे उपाध्यक्ष झाला ते वेगळं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

या चित्रासमोर जेवढ्या गप्पा होतात तेवढ्या कुठल्याच चित्रासमोर होत नाहीत. पुण्याचा पाहुणा असो, ठाण्याचा असो, प्रभागरचना म्हटलं की प्रत्येकाकडे एक किस्सा असतो, रस्त्याचा हा बाजूचा भाग तिकडे कसा गेला आणि नाल्यापलीकडची सोसायटी आमच्यात कशी आली. मी मुद्दाम कुठल्याच पक्षाचं नाव निघू देत नाही, होमस्टे चालवायचाय मला.

सापाच्या चित्राबद्दल माझी तक्रार आहे. 'जोडा नाहीतर मरा' म्हणणारा तो तुकडे झालेला साप बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो, बेंजामिन फ्रँकलिनचा, 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट', ९ मे १७५४. मूळ चित्र वर्तमानपत्राच्या कॉलमात बसेल एवढंसं, तळहातापेक्षा लहान. दुकानाने ते ए-टूला ताणलंय, त्यामुळे शाईचा प्रत्येक डाग बटाट्याएवढा दिसतो. हे चित्र छोटं छापून भोवती भरपूर कोरी जागा सोडली असती तर कितीतरी चांगलं दिसलं असतं. आणि इथे पुस्तिकेची खरी फजिती आहे, छापलंय की हे चित्र इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्यासाठी काढलं. अहो १७५४ मध्ये कसला स्वातंत्र्यलढा! तेव्हा हे लोक इंग्रजांच्याच बाजूने होते, भांडण फ्रेंचांशी होतं, आणि फ्रँकलिनचं म्हणणं एवढंच की वसाहतींनो एकत्र या नाहीतर फ्रेंच आणि त्यांचे मूळ अमेरिकन दोस्त एकेकाला गाठून संपवतील. त्याच उन्हाळ्यात ऑल्बनीला वसाहतींची बैठक भरली, तिथे त्याने एकीची योजना पण मांडली, बैठकीने ती मान्य केली पण पुढे वसाहतींनी आणि इंग्लंडने काही ती स्वीकारली नाही. इंग्रजांविरुद्ध हाच साप लोकांनी पुढे काढला, १७६५ ला स्टॅम्प टॅक्सच्या (इंग्लंडने वसाहतींतल्या छापील कागदांवर लावलेला कर) वेळी आणि मग १७७४ ला. सापाचे तुकडे आठ, डोकं म्हणजे न्यू इंग्लंड, आणि जॉर्जियाचा तुकडाच नाही. तेव्हा समज असा होता म्हणे की तुकडे केलेला साप सूर्य मावळायच्या आत जोडला तर परत जिवंत होतो. हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली आमच्याकडे तर ठेचून वर जाळतात.

फ्रँकलिनचंच दुसरं आहे, 'मॅग्ना ब्रिटानिया'. ब्रिटानिया म्हणजे इंग्लंडबाई, हातपाय तुटून बाजूला पडलेत आणि एकेका अवयवावर वसाहतीचं नाव, व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, न्यू इंग्लंड. भयंकर आहे, जेवणाच्या टेबलासमोर लावू नका. फ्रँकलिन तेव्हा लंडनमध्ये होता आणि स्टॅम्प टॅक्स रद्द व्हावा म्हणून त्याने हे कार्डांवर छापून घेऊन खासदारांपर्यंत पोचवलं. याच्यात मागे समुद्रावर जहाजं आहेत आणि त्यांच्या डोलकाठ्यांना झाडू बांधलेत. झाडू बांधला की जहाज विकायला आहे अशी खूण. हा झाडू माझ्या ए-टूमध्ये दिसतो, मैत्रिणीच्या ए-थ्रीत मी शोधला तर तिथे नुसतं काहीतरी केसाळ आहे.

पॉल रिव्हिअरचं बॉस्टन हत्याकांड हा सेटमधला एकमेव खऱ्या अर्थाने रंगीत प्रिंट, म्हणून जाहिरातीत सगळीकडे तोच दाखवतात. ५ मार्च १७७०, इंग्रज सैनिकांच्या गोळीबारात पाच जण गेले. आणि हे चित्र म्हणजे पक्का प्रचार आहे हो, बघायला शिकलं पाहिजे. घडलं रात्री, बर्फात, गोंधळात, जमाव बर्फाचे गोळे आणि दांडकी घेऊन आलेला. चित्रात काय तर निळंशार आकाश (कोपऱ्यात चंद्र आहे तेवढा रात्रीचा पुरावा), सैनिक शिस्तीत रांगेत, कॅप्टन मागून तलवार वर करून हुकूम देतोय, आणि कस्टम हाउसवर पाटी, 'बुचर्स हॉल', म्हणजे खाटीकखाना. मेलेल्यांमधला क्रिस्पस अॅटक्स आफ्रिकन आणि मूळ अमेरिकन वंशाचा, पण चित्रात बहुतेक सगळे गोरेच रंगवलेत. आणि खालच्या बाजूला मध्येच एक कुत्रं शांत उभं आहे, का ते रिव्हिअरलाच माहीत. बरं एवढं करून चित्राची मूळ कल्पना रिव्हिअरची नाहीच, हेन्री पेल्हमने आधी काढलं होतं ते बघून याने पत्रा कोरला आणि आधी बाजारात आणला, पेल्हमने चिडून पत्र लिहिलं की मला रस्त्यात लुटल्यासारखं केलंस. कॅप्टन प्रेस्टन पुढे निर्दोष सुटला, त्याचं वकीलपत्र घेतलं होतं जॉन अॅडम्सने, जो नंतर देशाचा अध्यक्ष झाला. यातलं पेल्हम आणि अॅटक्स दोन्ही पुस्तिकेतून गायब.

प्रिंट म्हणून पण हाच सगळ्यात कमजोर निघाला. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या बारीक आडव्या-उभ्या रेषा असतात, त्या इंकजेटमध्ये भरून आल्यात, उजवीकडच्या सैनिकांचे कोट म्हणजे लाल लगदा. पाटीवरची अक्षरं तेवढी वाचली.

विल्यम चार्ल्सचा बॉक्सिंगवाला मजेशीर आहे, इंग्लंडच्या राजाच्या नाकातून रक्त वाहतंय आणि समोर अध्यक्ष मॅडिसन मुठी वळून, १८१३ मध्ये अमेरिकेच्या 'एंटरप्राइझ'ने इंग्रजांचं 'बॉक्सर' नावाचं जहाज जिंकलं त्यावर. एकदा हसू येतं, मग संपलं.

जॅक्सनची दोन आहेत. 'किंग अँड्र्यू द फर्स्ट' मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन राजाच्या पोशाखात, एका हातात राजदंड, दुसऱ्यात नकाराधिकाराचा कागद, पायाखाली फाटलेली राज्यघटना. पत्त्यातला राजाच वाटतो. लांबून कळणारं सेटमधलं हे एकमेव चित्र, हे तुम्ही ए-थ्रीत घेतलं तरी चालेल. दुसरं 'मदर बँकेचा पाडाव', एडवर्ड क्लेचं, १८३३, आणि हे बरोब्बर उलट्या बाजूने, जॅक्सन इथे हिरो. त्याच्या हातात सरकारी पैसा 'बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स'मधून काढून घ्यायचा हुकूम, तीच ही मदर बँक, त्यातून विजा निघतायत, बँकेचे खांब कोसळतायत आणि आतले लोक बाडबिस्तरा सोडून पळत सुटलेत. तोपर्यंत शिळाप्रेस आलेला त्यामुळे छपाई स्वस्त आणि चित्रकाराचा हात मोकळा, म्हणून प्रत्येकाच्या तोंडी परिच्छेदच्या परिच्छेद. आमच्या माजघरात पणजोबांच्या वेळची रविवर्मा प्रेसची लक्ष्मी आहे ती पण शिळाप्रेसचीच, पण ती बिचारी बोलत नाही. ही दोन्ही शेजारी शेजारी लावा, एकाच माणसाला एकीकडे हुकूमशहा आणि एकीकडे तारणहार बघायला मिळतं, आणि पाहुण्यांचं कुठलं आवडतं यावरून माणूस कळतो.

आणि दहावं. दहावं चित्र आहे थॉमस नॅस्टचा हत्ती! म्हणजे रिपब्लिकन पक्षाचा हत्ती ज्या चित्राने रूढ केला ते, 'हार्पर्स वीकली', नोव्हेंबर १८७४. अहो सेटचं नाव 'अर्ली' आहे ना? १८७४ कसलं अर्ली? मधलं यादवी युद्ध होऊन गेलं, टेलिग्राफ आला, लाखभर खपाची साप्ताहिकं आली, तो सगळा वेगळाच जमाना. गाजलेलं आहे म्हणून घुसवलं, दुसरं कारण नाही. त्याऐवजी जेफरसनचा कोंबडा घ्यायचा होता, जेम्स एकिनचा, १८०४ च्या आसपासचा, ज्यात जेफरसन कोंबडा आणि त्याच्या घरातली गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज कोंबडी दाखवलीय. ते चित्र बघवत नाही इतकं हलकट आहे हे कबूल, पण त्या काळात किती खालच्या थराला जायचे ते त्याच्याशिवाय कळत नाही. बहुतेक फॅमिली प्रॉडक्ट म्हणून गाळलं असेल.

आता सामानाविषयी. कागद जाड, मॅट, रंग किंचित पिवळसर, हे बरोबर केलंय, ग्लॉसी असता तर पडवीतल्या उजेडात काही वाचता आलं नसतं. पॅकिंग पुठ्ठ्याच्या नळीत. कुरियर आमच्यापर्यंत येत नाही, दापोलीहून जाऊन आणावं लागलं, तो दुकानाचा दोष नाही, पण पिनकोड टाकल्यावर 'घरपोच' दाखवायचं आणि मग फोन करून "मॅडम या घ्यायला" म्हणायचं हे बरं नव्हे. बॉक्सिंगच्या प्रिंटला मधोमध घडी पडून आली. फोटो पाठवला, उत्तर यायला आठवडा, मग म्हणे फ्रेम न करता परत पाठवा, मग म्हणे पाठवू नका, नवीन पाठवतो. नवीन आला पण पाठपुरावा करून करून जीव मेटाकुटीला आला.

दुकान फ्रेमसकट पण देतं, ते कोकणात तरी घेऊ नका. त्यांच्या फ्रेमला मागे नुसता एमडीएफ असतो, मैत्रिणीकडच्या फ्रेमा पहिल्याच पावसात फुगल्या आणि कडेने बुरशीचे काळे ठिपके आले. मी दापोलीत फ्रेम करून घेतल्या, मागे सनबोर्ड, कागद आणि काच यांच्यामध्ये माउंट (काचेला कागद चिकटला की मेला, परत सुटत नाही), आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची बुचं, म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये बोटभर हवा खेळते. चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते, फ्रेम तिला टेकली की संपलं. हुक पितळी, लोखंडी हुक खाऱ्या वाऱ्यात टिकत नाहीत. आणि नुसता खिळा चिऱ्यात धरत नाही, ड्रिल मारून गिट्टी ठोकूनच स्क्रू. एवढं करूनही पावसाळ्यात मी चित्रं उतरवून माजघरात ठेवते, कसर लागू नये म्हणून मागे कडुलिंबाचा पाला. तेवढा आळस ज्याला आहे त्याने सूर्यास्ताचा फोटोच लावावा.

आणि हो, मुख्य गोष्ट. यातली बरीचशी चित्रं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट आहेत, मोठ्या रिझोल्यूशनच्या फाइली, डाउनलोड करा आणि कुठेही छापा, कॉपीराइट कधीच संपलेत. मी मदर बँक तशी उतरवून स्क्रीनवर मोठी करून बघितली तर माझ्या प्रिंटमध्ये न वाचता येणारी दोन वाक्यं तिथे स्पष्ट आहेत, म्हणजे दुकानाने लहान फाइल वापरलीय, सरळ हिशोब. मग सेट घ्यायचाच कशाला? तर आमच्याकडे चांगल्या कागदावर ए-टू छापून देणारा जवळ नाही, जो तो फ्लेक्सवर छापतो, आणि फ्लेक्सवर फ्रँकलिन म्हणजे वाढदिवसाच्या बॅनरची कळा येते, वर आठवडाभर वास. तुम्ही पुण्या-मुंबईत असाल तर स्वतः फाइल घेऊन फोटो-प्रिंटवाल्याकडे जा, निम्म्यात काम होईल आणि अक्षरं जास्त चांगली येतील. इकडे किनाऱ्यावर असाल तर दुकानातून सुटी घ्या: खासदारांची मारामारी, कासव, गेरीमँडर, मदर बँक, चारही ए-टू. साप घ्यायचा तर पोस्टकार्ड साइजमध्ये मिळतो तो. रिव्हिअर घेऊ नका, तो स्वतः छापून घ्या. पुस्तिका मिळाली तर तारखा पेन्सिलने तपासून मग पोरांच्या हातात द्या.

पाचपैकी साडेतीन. चित्रांचे पाच, छपाईचे तीन, पुस्तिकेचा दीड, पाठपुरावा करायला लावला त्याचं काय ते तुम्ही ठरवा. आणि नॅस्टचा हत्ती मी फ्रेम केलेला नाही, नळीत तसाच गुंडाळून आहे, कोणाला हवा असेल तर आंजर्ल्याला आलात की घेऊन जा, पैसे नकोत.